बिनडोळ्यांची रुक्मिणी

१

दुपारच्या सामसूम घरात बॉबिन हातातून निसटलं, टिणटिण करत फरशीवरून पलंगाखाली गेलं, आणि साधना जागच्या जागी थिजली. पलंगावर गोदू पालथी झोपली होती. तिनं एक पाय हलवला, नाकानं फुर्र केलं आणि पुन्हा निजली. साधनाचा जीव भांड्यात पडला. पाच वर्षांच्या लेकीची दुपारची झोप हेच तिचं ऑफिस. ते कधी चाळीस मिनिटं चाले, कधी पंधरा.

मशीनवर भुलाबाईचा परकर होता. काठावर हात धरून नाचणाऱ्या पोरी, मध्ये त्यांच्या गाण्यांतले भुलोजी आणि भुलाबाई. असे बारा परकर दसऱ्यानंतरच्या रविवारी अकोल्याच्या प्रदर्शनात मांडायचे होते. प्रदर्शन मंजुषाताईंचं. पुराणातली, लोकगीतांतली माणसं कापडावर उतरवायची हा त्यांचा धंदा, आणि त्यात त्यांचं नाव पार नागपूरपर्यंत गेलेलं. साधना चार वर्षांपासून त्यांच्या साड्यांना फॉल-पिको करत होती, भरलेल्या पदराला मागून नेटचं अस्तर लावत होती. कापडाची पुढची बाजू मंजुषाताईंची, मागची साधनाची. या वेळी मात्र त्या स्वतःहून म्हणाल्या होत्या की कोपऱ्यातलं एक टेबल तुझं, तुझे परकर मांड, तुझ्या नावाची चिठ्ठी लाव. साधनानं बारा चिठ्ठ्यांवर आपलं नाव लिहून त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या. रोज एकदा तरी ती डबा उघडून त्या वाचायची.

त्याच डब्यावर ठेवलेला फोन थरथरला. मंजुषाताईंचा फोटो आणि खाली दोनच ओळी. हे बघ. लगेच ये.

फोटोत अकोल्याच्या कुठल्याशा दुकानातली छापील साडी होती. पदरावर चार घोड्यांचा रथ, अंबेच्या देवळाची कमान, रथात टपोऱ्या डोळ्यांची रुक्मिणी. हीच नक्षी मंजुषाताईंनी हातानं भरून घेतलेल्या साडीवर होती, आणि ती साडी प्रदर्शनाचा मुकुट होणार होती. जगाला अजून दाखवलेलीही नव्हती, आणि अकोल्यात ती छापून ढिगानं विकायला बसली होती.

नवरा शिवम बडनेऱ्याला ड्यूटीवर. साधनानं झोपेतल्या गोदूला खांद्यावर घेतलं आणि ऑटो थांबवला. नवरात्राच्या गर्दीमुळे तो लांबून वळसा घालून चालला. वाटेत गोदू जागी झाली आणि फोनशी खेळू लागली. शाळेत नुकतीच अक्षरं सुरू झाली होती, त्यामुळे दिसेल ते वाचायचं वेड. मंजुषाताईंच्या नणंदेनं, आरतीताईंनी, कुठल्या तरी दुकानासमोर उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो स्टेटसला ठेवला होता. गोदूनं तो आईच्या तोंडासमोर धरला.

"आई, हा क पाठ करून उभा हाये का?"

"फोनचं काही खरं नाही बेटा," साधना म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं.

२

राजापेठेत मंजुषाताईंच्या घरी शिरलं की साधनाचा डोळा आधी त्या टेबलावर जायचा. कापड बेतायचं ते लांबरुंद टेबल तिच्या अख्ख्या स्वयंपाकखोलीएवढं होतं. शेजारी मोठी खिडकी, भिंतीवर पेपरात आलेला मंजुषाताईंचा फोटो, आणि कधीच कुणाची झोपमोड होणार नाही अशी शांतता. दरवेळी तिच्या पोटात काहीतरी बारीक टोचायचं. ती मनातल्या मनात त्याला कौतुक म्हणायची.

आज टेबलावर दोन साड्या पसरल्या होत्या. एक मंजुषाताईंची, मोरपंखी टसरवर हातानं भरलेली. दुसरी छापील. ती आरतीताईंनी आणली होती. त्यांचं सासर अकोल्याचं. घटस्थापनेला चार दिवस माहेरी राहून गेल्या होत्या आणि आज सकाळच्या बसनं परत आल्या होत्या. बाजारात ही साडी दिसली, विकत घेऊन तशीच निघाले, असं त्यांनी साधनालाही पुन्हा एकदा सांगितलं.

अमरावतीच्या अंबेच्या देवळातून कृष्णानं रुक्मिणीला रथात घालून नेलं, ही गोष्ट इथं घरोघरी सांगतात. मंजुषाताईंच्या पदरावर तीच होती, पण एक जादा खूण होती. देवळाच्या पायरीवर एक तोरडी पडलेली. धावताना पायातून निसटलेली. ही खूण कुठल्या पोथीतली नव्हे; साडी भरणाऱ्या पार्बताबाईंच्या आईच्या सांगण्यातली.

"नीट बघ वहिनी," आरतीताई म्हणाल्या. "तुझ्या साडीत रथ उजवीकडे धावतो. हिच्यात डावीकडे. म्हणजे कुणीतरी मागच्या बाजूनं पाहून उतरवलंय."

या घरात कापडाची मागची बाजू कोण पाहतं, हे तिघींनाही ठाऊक होतं.

मंजुषाताईंनी आवाज चढवला नाही, त्याचंच साधनाला जास्त लागलं. त्यांनी हिशेब लावल्यासारखं सांगितलं. पदराला नेट लागल्यावर मागचं काही दिसत नाही. नेट साधनानं लावलं. त्याआधी, घटस्थापनेच्या आठवड्यात सोमवारी दुपारपासून मंगळवारी संध्याकाळपर्यंत, साडी साधनाच्या घरी होती.

"ताई, मी कशाला करीन वो असं?"

"कारण माझं नाव लागतं ते तुला पाहवत नाही," मंजुषाताई म्हणाल्या. "पेपरात फोटो आला तेव्हा अख्ख्या गावानं त्याच दिवशी फोन केला. तू तिसऱ्या दिवशी केलास."

ते खरं होतं. साधनानं मान खाली घातली, आणि मान खाली घातली म्हणजे कबूल केलं असा त्याचा अर्थ झाला.

शुक्रवारपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर रविवारचं टेबल विसर आणि इथलं कामही, असं त्यांनी सांगितलं. गोदू खिडकीत पारव्याला अक्षरं शिकवत बसली होती. तिला कडेवर घेऊन साधना जिना उतरली.

त्या सोमवारचं तिला सगळं आठवत होतं. गोदू झोपली होती. साडी मशीनवर होती. रुक्मिणीच्या चेहऱ्यावर नथ होती, कुंकू होतं, फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या होत्या. साधनानं पदर उचलला तो सुई घालायला. पण सुई राहिली बाजूला आणि पदर खांद्यावर आला. ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. रथ माहेराकडेच परत निघाल्यासारखा दिसत होता. अंबेच्या पायाशी नेल्याशिवाय ती साडी कुणी अंगाला लावायची नाही, असं मंजुषाताईंनी बजावलं होतं. साधना तशीच बराच वेळ उभी राहिली, आणि हे आपलं असायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. नक्षी, टेबल, खिडकी, सगळंच. मग गोदूनं कूस बदलली, आणि तिनं घाईघाईनं पदर उतरवला.

एवढंच केलं होतं. फोटो नाही, नक्कल नाही. पण ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. पुरावा इतका चोख होता, की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर साधनालाच स्वतःची शंका आली.

३

दुसऱ्या दिवशी गोदूला शाळेत सोडून ती गांधी चौकामागच्या बोळात कुंदनच्या दुकानी गेली. मंजुषाताईंचे खाके कुंदन करायचा. खाका म्हणजे नक्षीच्या रेषेवर पिनेनं टोचलेला पातळ कागद. तो कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेली पावडर पुसली की भोकांतून नक्षी खाली उतरते. साधनाच्या डोक्यात एकच होतं. खाका चुकून उलटा ठेवला, तर नक्षीही उलटी उतरेल.

कुंदननं तिला स्टूल दिलं, चहा मागवला आणि तिनं विचारायच्या आत स्वतःच विषय काढला. मंजुषाताईंनी काल रात्री त्यालाही फोनवर झाडलं होतं. तो दुखावला होता, पण त्याचं दुखणं जुनं होतं. ताईंनी हल्ली नागपूरच्या एका पोराकडून संगणकावर नक्ष्या काढून घ्यायला सुरुवात केली होती, आणि कुंदनच्या हाती टोचायचं काम तेवढं उरलं होतं. त्या पोराची रेघ कशी मेलेली असते यावर तो पाच मिनिटं बोलला. त्याच्या तोंडून आपलंच मन बाहेर पडतंय असं साधनाला वाटलं, आणि ते ऐकायला काही बरं वाटेना.

"मी चोर असतो तं नक्षी सरळ छापली असती वहिनी," तो म्हणाला. "खाक्याची सुलट-उलट मले कळत नाई, इतका भैताड समजता का?"

त्यानं खाका काढून उजेडात धरला. हजारो भोकांतून ऊन आलं आणि भिंतीवर रथ उभा राहिला. घोडे, चाकं, कमान, तोरडी. साधना बघत राहिली. मग तिनं फोन काढून छापील साडीचा फोटो मोठा केला, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे.

भिंतीवरच्या रुक्मिणीला डोळे नव्हते.

"डोळे कुठी गेले कुंदनभाऊ?"

"मी टोचतच नाई. खाक्यावर देवाचे डोळे दिसले तं पार्बतामाय खाका परत पाठवते. डोळे तिचे ती घालते, सगळ्यात शेवटी."

साधनाच्या घरी आली तेव्हाही रुक्मिणी आंधळीच होती. खाक्यातही आंधळी. आणि अकोल्याच्या छापील साडीतली रुक्मिणी मात्र टपोऱ्या डोळ्यांनी पाहत होती.

४

पार्बताबाई माळीपुऱ्यात राहायच्या. घरात फुलांचा धंदा, त्यामुळे नवरात्रात अंगणभर झेंडू. त्या ढिगाशेजारी बसून देठ खुडत होत्या. साधनाला पाहून त्यांनी पाट सरकवला आणि तिच्या ओंजळीत झेंडू टाकले. बोलायचं असेल तर हात चालू ठेव, अशी तिथली रीत होती.

डोळ्यांचं विचारलं तशा त्या सरळ झाल्या. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं की देवाची बाहुली भरायची तर डोळे शेवटी. एकदा ते उघडले की तिच्या अंगावर मशीनचा पाय पडता कामा नये. म्हणून आधी फॉल, आधी नेट, सगळं आवरायचं. मग आंघोळ करून, देवापुढं दिवा लावून, त्या उजेडात चार टाके.

"मंग या साडीचे कधी घातले, माय?"

"घटस्थापनेले. गुरुवारी सकाळी, मंजूच्याच देवघरात. तू लावलेलं नेट मांगं होतंच की. डोयाचा दोरा नेटाच्या बी पार गेला. पलटून पाह्य, नेटावर चार गाठी दिसतीन."

साधनाच्या हातातला झेंडू तिथंच राहिला. डोळे आले तेव्हा पदराची मागची बाजू झाकलेली होती. आणि नकलेत डोळे होते. म्हणजे नक्कल मागून पाहून झालेलीच नव्हती. ज्यानं केली त्यानं पुढून पाहिलं होतं, आणि त्या गुरुवारी डोळे आल्यावर.

तिनं फोटो दाखवला. पार्बताबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि मग त्यांचा चेहरा असा काही झाला की साधनाला आधी वाटलं त्या हसताहेत.

"नजर माहीच हाय," त्या म्हणाल्या.

मंजुषाताईंनी सांगितलं होतं की रुक्मिणीची नजर कृष्णाकडे ठेवा. पार्बताबाईंनी ती मागं वळवली, देवळाकडे. कुणाला न विचारता. त्यांच्या आईच्या गोष्टीत रुक्मिणी एकदा मागं पाहते. नुसत्या तोरडीसाठी नव्हे, सुटलेल्या माहेरासाठी. गोष्ट आमची, हात माझा आणि कागदावर नाव तिचं, असं त्या अगदी सपाट आवाजात म्हणाल्या. निदान नजर तरी माझी राहू दे म्हटलं.

"राग आला होता का माय?"

"राग नाई व. पोटात कसं तरी होते. तुले होत नाई?"

साधनानं विचारलं की त्या गुरुवारी घरात अजून कोण कोण होतं. पार्बताबाईंनी आठवून सांगितलं. कुंदन तिकडे फिरकला नव्हता. मंजू डोळ्यांवर हात जोडून लगेच बाहेर पडली, प्रदर्शनाच्या हॉलवाल्यांना भेटायला अकोल्याला. घरी नणंद होती. तिनं पार्बताबाईंना चहा करून दिला, फार प्रेमानं दिला, आणि साडी हातातून घेतली.

"म्हणे, तुमी निघा माय. साडी कपाटात ठिवून कुलूप मी लावते."

साधना घरी आली ती अर्धं कोडं घेऊनच. कोण, ते कळल्यासारखं वाटत होतं. पण पुढून पाहिलं तर रथ उलटा का धावावा? सरळ पाहून काढलेली गोष्ट सरळच यायला हवी. हे सुटलं नाही तर आरतीताई एका वाक्यात तिला उडवून लावतील, आणि मग कोपऱ्यातलं टेबलही गेलं आणि तोंडही काळं झालं.

शाळेतून आलेली गोदू पाटी घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभी होती. पाटीवर एक भलामोठा क होता. गोदूनं पाटी आरशाकडे केली आणि टाळी वाजवली.

"आई, पाह्य, याही क नं पाठ केली. आरतीमावशीच्या फोटूतल्यासारखी."

साधना आरशासमोर येऊन उभी राहिली. त्या सोमवारी ती इथंच उभी होती. खांद्यावर पदर होता, आणि रथ माहेराकडे परत निघाल्यासारखा दिसत होता.

५

शुक्रवारी संध्याकाळी मंजुषाताईंच्या टेबलाभोवती पाच जणी होत्या, गोदूला धरून. आरतीताई प्रदर्शन होईपर्यंत वहिनीच्या मदतीला राहिल्या होत्या. पार्बताबाई झेंडूचा हार घेऊन आल्या होत्या आणि खुर्ची नको म्हणून दाराशी बसल्या होत्या.

साधनानं आधी पदर पलटला. नेटावर डोळ्यांच्या जागी गाठी होत्या, चार, बारीक. त्या मंजुषाताईंच्या बोटाला लागेपर्यंत ती थांबली, आणि मग सांगत गेली. साडी आपल्याकडे होती तेव्हा डोळे नव्हते. डोळे आले तेव्हा मागची बाजू बंद होती. छापील रुक्मिणीला डोळे आहेत, आणि नजरही पार्बतामायनं वळवली तीच. म्हणून मी सुटले आणि कुंदनभाऊही सुटले, असं ती म्हणाली.

मंजुषाताईंनी दोन्ही रुक्मिणींकडे आळीपाळीनं पाहिलं. नजर वळवलेली त्यांना पहिल्याच दिवशी दिसली होती, चिडल्याही होत्या; पण ती चांगली दिसते म्हणून गप्प बसल्या होत्या. कोडं मात्र त्यांना सुटलं नाही. रथ उलटा का, हेच त्यांनी विचारलं.

साधनानं छापील पदराच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं पायरी नव्हती, तोरडीही नव्हती. त्या जागी एकाशेजारी एक अशी चार पानं होती, नक्षीत कुठंच न शोभणारी. छापणाऱ्यानं तो कोपरा पाहिलाच नव्हता. त्याच्या फोटोत तिथं काहीतरी आड आलेलं असणार. पदर खांद्यावरून पुढं घेऊन कुणी कोपरा मुठीत धरला, तर नेमक्या तेवढ्याच जागेवर चार बोटं येतात.

"साडी घडी घालून फोटो काढलेला नाही," ती म्हणाली. "कुणीतरी अंगावर घेतली होती."

आरतीताई हसल्या. म्हणाल्या, झालं का तुझं पुराण? अंगावर घेतल्यानं रथ कसा फिरतो?

"ताई, आपला एक फोटो काढा ना. तुमच्याच फोनवर, सगळ्यांचा. मागं कॅलेंडर येऊ द्या."

आरतीताईंचा हात फोनकडे गेला नाही. फोन मंजुषाताईंनीच उचलला आणि समोरचा कॅमेरा लावून धरला. सगळ्या एका चौकटीत आल्या, गोदू पुढं, मागं भिंतीवरचं कॅलेंडर. मग त्यांनी तो फोटो उघडून मोठा केला. कॅलेंडरावरचा प्रत्येक आकडा उलटा होता. काही फोन समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो आरशासारखा उलटाच ठेवून देतात. आरतीताईंचा त्यातला होता.

"क पण पाठ करते यात," गोदूनं माहिती दिली.

दाराशी पार्बताबाईंच्या हातातला हार खाली टेकला. मंजुषाताईंनी फोन नणंदेकडे दिला. आरतीताईंनी स्वतःच त्या गुरुवारचा फोटो उघडून फोन टेबलावर ठेवला. मोरपंखी पदर, मुठीत कोपरा, डावीकडे धावणारा रथ, आणि त्यांचं स्वतःचं तोंड. आनंदानं नुसतं उजळलेलं.

मग त्यांनी सांगितलं ते फार थोडं. अकोल्यात त्यांनीही बुटीक काढलं होतं, वहिनीच्या दोन वर्षं आधी. चाललं नाही. माहेरी आलं की दर वेळी जो तो वहिनीचा पेपरातला फोटो दाखवायचा. गुरुवारी साडी हातात आली आणि एकदाच खांद्यावर घेतली. मग फोटो. मग ओळखीच्या छापणाऱ्याला तो पाठवताना ही माझी नक्षी आहे असं लिहिलं. त्यानं ढीगच छापला आणि दुकानात विकायला लावला. छापून आल्यावर रथ उलटा दिसला, तेव्हा लक्षात आलं की याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल.

"मला विकायची नव्हती गं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच वाटलं, की हे माझं असायला हवं होतं."

साधनानं टेबलाची कड धरली. हे वाक्य तिला पाठ होतं, शब्दान् शब्द.

मंजुषाताईंनी तिच्याकडे वळून विचारलं की हे आरशाचं तुला सुचलं कसं. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. साधनानं गोदूच्या केसांवरून हात फिरवला.

"गोदूची पाटी होती आरशासमोर," ती म्हणाली. "त्यावरून."

ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

मंजुषाताईंना माफी मागणं जमलं नाही. त्यांनी साधनासाठी चहा ठेवला, आणि त्यात आलं जास्त घातलं, तिला आवडतं तसं. चहा पिताना साधनानं एक गोष्ट मागितली. साडीच्या चिठ्ठीवर, ताईंच्या नावाखाली, गोष्ट आणि नजर पार्बताबाईंची असं लिहायचं. मंजुषाताईंना ते गिळायला एक घोट जास्त लागला. मग त्यांनी पेन उचललं.

६

आरतीताईंनी शनिवारीच अकोला गाठलं, आणि राहिलेल्या छापील साड्या दुकानातून उचलल्या गेल्या. रविवारी प्रदर्शनाला त्या आल्या नाहीत.

हॉलच्या मधोमध रुक्मिणी टांगली होती. सकाळी तिला अंबेच्या पायाशी ठेवून आणलं होतं, पदरावर अजून हळदीकुंकवाचा एक कण होता. बाया येत होत्या, थांबत होत्या, तोरडीवर बोट ठेवत होत्या, चिठ्ठी वाचत होत्या. पार्बताबाई नव्या लुगड्यात खुर्चीवर बसल्या होत्या आणि कुणी विचारलं की सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत होत्या. बाळापूरहून आलेली एक सून त्यांच्यासमोर खाली बसून ऐकत होती.

साधनाचं टेबल डावीकडच्या कोपऱ्यात होतं. तिच्या नावाच्या बारापैकी सात चिठ्ठ्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या घरी गेल्या होत्या. एका आजीनं परकर उलटा करून शिवण पाहिली आणि म्हणाली, मांगून बी पुढच्यासारखंच हाय व. साधनाच्या पोटातलं ते बारीक टोचणं आज जवळजवळ नव्हतं. जवळजवळच.

गर्दी ओसरली तशी गोदू रुक्मिणीसमोर जाऊन उभी राहिली. मान वर करून तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती आईच्या टेबलाकडे वळली, परत साडीकडे वळली, आणि पळत येऊन साधनाच्या मांडीला बिलगली.

"आई, तू आपल्या घरी आरशासमोर हिले खांद्यावर घेतलं होतं ना, तवा हिले डोळे नव्हते?"

साधनाच्या हातातली घडी तशीच राहिली.

"तू झोपली होतीस," ती कशीबशी म्हणाली.

"एक डोळा झोपला होता." गोदूनं एक डोळा मिटून दाखवला. "नव्हते ना डोळे?"

"नव्हते."

"म्हंजे हिनं तुले पाह्यलं नाई."

साधनानं साडीकडे पाहिलं. रथ उजवीकडे धावत होता, कृष्ण पुढं पाहत होता, आणि रुक्मिणीची नजर मागं वळून, पायरीवरून, तोरडीवरून, रिकाम्या हॉलमधून नेमकी डावीकडच्या कोपऱ्यात येऊन थांबली होती. गोदूनं तिचा पदर ओढला.

"मंग आता ते तुह्याकडंच काहून पाहून राहिली, आई?"